रिमोट घ्या, पण रिसीव्हर बघून
आरसी गाडीसाठी स्वस्त रिमोट घेताना लोक चॅनेल मोजत बसतात. गाडीला लागतात दोनच, एक स्टिअरिंगला आणि एक थ्रॉटलला. तिसरा म्हणजे दिव्यांची हौस. खिसा रिकामा होतो तो रिसीव्हरपायी, कारण तो प्रत्येक गाडीत वेगळा बसवावा लागतो आणि एका कंपनीचा सहसा दुसरीच्या रिमोटशी जुळत नाही. फ्लायस्कायचा जीटी-५ घेतलात, तर एकाच रिमोटच्या मेमरीत अनेक गाड्या राहतात, शिवाय त्याच्यासोबत किंवा रेडिओलिंकच्या आरसी-४जीएससोबत गाडी सरळ ठेवणाऱ्या जायरोचा रिसीव्हर मिळतो. (मोकळ्या मातीत मागची चाकं सरकू लागली की त्याची किंमत कळते.) फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडी थांबवणारी सोय, मात्र पहिल्याच दिवशी लावा आणि तपासा: गाडीची चाकं अधांतरी ठेवून रिमोट बंद करा, ती थांबलीच पाहिजेत.