निगा, दुरुस्ती आणि मराठी गद्य

यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका वाङ्मयात मोडत नाही, याविषयी आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांत कधी मतभेद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तिला वाङ्मय म्हणावे असा आमचाही आग्रह नाही. परंतु ती गद्य आहे, आणि ते गद्य बिघडले तर घर पेटू शकते. एवढ्या कारणासाठी तरी मराठीच्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी तिच्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. उदाहरणादाखल आम्ही कपडे वाळवण्याचे घरगुती यंत्र घेतो.

प्रथम शब्दाचाच घोळ. आपल्याकडच्या कितीतरी घरांत 'ड्रायर' म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचे दुसरे, लहान पिंप. ते कपडे वेगाने गरगर फिरवून पाणी झटकून टाकते. कपडे तरी दमटच राहतात आणि दोरीवर घालावे लागतात. अमेरिकेत वा इंग्लंडात संसार थाटलेल्या मराठी माणसाचा ड्रायर निराळा. त्यात आडवे पिंप सावकाश फिरते, पंखा तापलेली हवा कपड्यांमधून खेचतो, ती हवा ओल घेऊन जाळीतून गाळली जाते आणि नळीवाटे घराबाहेर पडते. नळी नसलेल्या प्रकारांत ओल थंड करून तिचे पाणी टाकीत साठवतात. नाव एक, यंत्रे दोन. आणि दोहोंची निगा सर्वस्वी वेगळी.

'निगा' हा शब्द फारसी 'निगाह'वरून आला, म्हणजे मुळात नजर. कपडे वाळवण्याच्या यंत्राला हा अर्थ तंतोतंत लागू पडतो. जाळीवर साठते ती कापडाचीच लव, इंग्रजीत जिला लिंट म्हणतात ती: प्रत्येक धुण्यागणिक झिजणाऱ्या सदऱ्यांचे आणि टॉवेलांचे तंतू. ती दर खेपेला काढावी लागते. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी पट्ट्या वापरल्या तर जाळीवर डोळ्यांना न दिसणारा मेणचट थर बसतो. तो ओळखण्याची युक्ती सोपी आहे: जाळी नळाखाली धरावी, पाणी वरच थांबले तर साबण आणि मऊ ब्रश घेऊन ती घासावी, आणि पुरती वाळवून मगच बसवावी. हवा बाहेर नेणारी नळी शक्यतो कडक धातूची, आखूड आणि कमी वळणांची असावी, आणि वर्षातून एकदा तरी आतून साफ व्हावी. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावू नये, कारण तीच पुढे लवेने बुजते.

दुरुस्ती म्हणजे लक्षणांवरून कारणापर्यंत जाणे. मोटर गुणगुणते पण पिंप फिरत नाही, तर बहुधा पट्टा तुटलेला असतो. फिरताना धडधड होते, तर पिंपाखालची चाके झिजलेली असू शकतात. अमेरिकेतल्या विजेच्या यंत्रांत बहुधा तापकाला २४० व्होल्ट लागतात आणि मोटरीला १२०. म्हणून पुरवठ्याच्या दोन तारांपैकी एक बंद पडली की पिंप फिरत राहते आणि कपडे मात्र थंडच निघतात. कपडे वाळायला दुप्पट वेळ लागू लागला, तर आधी जाळी आणि नळी तपासावी. उष्णता प्रमाणाबाहेर गेली की कायमचा तुटणारा एक लहानसा फ्यूज या यंत्रांत असतो. तो स्वस्त असतो आणि बदलणे अवघड नसते. पण तो का तुटला हे न पाहता नुसता नवा बसवला, तर तुंबलेली नळी तशीच राहते आणि नवा फ्यूजही त्याच वाटेने जातो. त्याला वगळून तारा जोडणारा तर यंत्राची शेवटची राखण काढून घेतो. यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढणे आणि गॅसवरच्या यंत्राच्या जोडणीला जाणकारावाचून हात न लावणे, हे ओघाने आलेच.

यात पणाला काय लागले आहे? अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा निवासी इमारतींत या यंत्रांमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या. त्यांत वर्षाला सुमारे ५ जण दगावत आणि १०० जखमी होत. सर्वांत मोठे कारण होते साफसफाई न करणे. अशा आगी ३४ टक्के होत्या.

इंग्लंडातले उदाहरण साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक बोलके वाटेल, कारण तिथे प्रश्न एका वाक्याचा होता. २००४ ते २०१५ या काळात बनलेल्या काही यंत्रांत लव तापकाला लागून पेट घेऊ शकते, असे व्हर्लपूल कंपनीने नोव्हेंबर २०१५मध्ये जाहीर केले. दुरुस्ती होईपर्यंत यंत्र वापरता येईल, मात्र ते चालू असताना घर सोडून जाऊ नये, असा सल्ला ग्राहकांना होता. ऑगस्ट २०१६मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील एका उंच इमारतीत अशाच यंत्रामुळे आग लागली. सल्ल्याप्रमाणे घरात माणूस हजर होता. जीवितहानी झाली नाही, पण 'लक्ष ठेवून वापरा' या वाक्याचे मोल सर्वांना कळले. फेब्रुवारी २०१७मध्ये सल्ला बदलला: प्लग काढा आणि वापरू नका. सर्व सदोष यंत्रे परत मागवण्यास मात्र २०१९ साल उजाडले. पहिल्या सूचनेत व्याकरणाची चूक नव्हती. लव पेटू लागली की शेजारी बसलेला माणूस ती कशी थांबवणार, हे मात्र तिने सांगितले नव्हते.

आता मराठीकडे येऊ. 'प्रत्येक वापरानंतर गाळणी स्वच्छ करण्यात यावी' अशा थाटाची वाक्ये आपल्या परिचयाची आहेत. कोणी, कशी, कशासाठी, याचा त्यात पत्ता नाही. तेच असे लिहिता येईल: 'कपडे आत घालण्याआधी जाळी काढा. तिच्यावरचा लवेचा थर बोटांनी सोलून टाका. जाळी तुंबली की हवा कोंडते, यंत्र तापते आणि लव पेट घेऊ शकते.' कारण कळले की माणूस सूचना विसरत नाही. 'यावी' आणि 'यावे' या कर्मणी आडोशामागे आणखी एक गोष्ट दडते: जाळी रोज साफ करणारे हात बहुधा घरातल्या बाईचे असतात आणि बिघाड झाल्यावर बोलावला जाणारा कारागीर बहुधा पुरुष. निगेला कोणी काम म्हणत नाही. दुरुस्तीचे बिल मिळते. सूचनेत कर्ता लिहिला, तर निदान हा प्रश्न तरी घरात उभा राहील.

ही मराठीची अंगभूत उणीव आहे, असे कोणी समजू नये. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघू लागलेली 'किर्लोस्कर खबर' मुळात कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती देणारी पत्रिका होती. पुढे तिचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे देऊन घरोघरच्या नवशिक्यांना स्वयंपाकघरात उभे केले. सूचनेचे नेमके गद्य आपल्या भाषेला परके नाही. आपण ते शिकवायचे सोडले आहे.

यावर दोन आक्षेप येतील. भरपूर ऊन असलेल्या देशात हे यंत्र हवे कशाला, हा पहिला. आम्हीही दोरीच्याच बाजूचे आहोत. मात्र कोकणातला पावसाळा आणि परदेशातला हिवाळा दोरीचे ऐकत नाहीत. शिवाय यंत्र हे येथे उदाहरण आहे. गीझर वा मिक्सर घेतला तरी मुद्दा तोच राहतो. दुसरा आक्षेप असा, की हे तंत्रज्ञांचे काम आहे. तंत्रज्ञाला फ्यूज कळतो, पण न कळणाऱ्या माणसाला तो कसा सांगावा, हे भाषेचे काम आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा तिच्यापुढच्या क्षेत्रांत घरगुती टिकाऊ वस्तूही होत्या. ज्याला पुस्तिका वाचून उमगत नाही, त्याच्या हाती असा हक्क अर्धाच येतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 'व्यावहारिक मराठी'च्या अभ्यासक्रमात अर्ज, जाहिरात आणि वृत्तलेखन यांच्या जोडीला निगेचे एक पान लिहायला द्यावे. विद्यार्थ्याने यंत्र पाहावे, ते वापरणाऱ्या बाईशी आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराशी बोलावे, आणि तीनशे शब्दांत जाळी, नळी व फ्यूज यांविषयी लिहावे. गुण प्राध्यापकांनी एकट्याने देऊ नयेत. ते पान यंत्र कधीही न उघडलेल्या माणसाच्या हाती द्यावे. जाळी साफ होऊन जागेवर नीट बसली, तर विद्यार्थी उत्तीर्ण.