ज्याच्या दारात पाणी, त्यानेच आधी बोलावं

जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. निवेदनं, रास्ता रोको, 'आमच्या हक्काचं पाणी'. वीसेक वर्षं या बातम्या करतोय. साल बदलतं, मथळा तोच. आज बातमी नाही, मत लिहितोय. काहींना झोंबेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग बोला.

आधी महाड. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही ते मान्य केलं. पण तळं खुलं झालं ते कागदावर. म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. विरोधकांनी कोर्टात काय सांगावं? तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! हायकोर्टाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

त्या लढ्यात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गं. नी. सहस्रबुद्धे ही मंडळीही होती. त्यांना त्या तळ्यावर कुणी अडवत नव्हतं. ज्यांना पाणी मिळत होतं, त्यातले काही जण ज्यांना मिळत नव्हतं त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता जरा लांब जाऊ. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात कोचाबाम्बा नावाचं शहर आहे. 1999 मध्ये तिथला पाणीपुरवठा बेक्टेल या अमेरिकी कंपनीचा मोठा हिस्सा असलेल्या कंपनीकडे गेला. पाणीपट्टी भरमसाट वाढली. लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरीही जातील, अशी भीती पसरली. शहरातले कामगार आणि आजूबाजूचे शेतकरी एकत्र रस्त्यावर आले. गोळीबारात 17 वर्षांचा एक पोरगा गेला. अखेर एप्रिल 2000 मध्ये सरकारने करार रद्द केला.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीने जागतिक बँकेच्या अखत्यारीतल्या लवादात त्या गरीब देशावरच कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला. तेव्हा 43 देशांतल्या 300 हून जास्त संघटनांनी सह्या करून सांगितलं, हे प्रकरण बंद दाराआड चालवू नका. बेक्टेलचं मुख्यालय तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होतं. तिथल्या नगर प्रतिनिधींनीही ठराव केला, दावा मागे घ्या. आपल्याच गावातल्या कंपनीविरुद्ध! लवादाने त्या संघटनांना दार उघडलं नाही, पण बदनामी व्हायची ती झालीच. जानेवारी 2006 मध्ये कंपनीने दोन बोलिव्हियानो, म्हणजे चिल्लर घेऊन दावा सोडला.

महाडचा प्रश्न माणूसपणाचा होता, कोचाबाम्बाचा कंपनीच्या मालकीचा. कालव्याच्या भांडणाची मी त्यांच्याशी बरोबरी करत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. तहानलेला ओरडतोच, त्याला इलाजच नसतो. ज्याचा घसा ओला आहे तो बोलला की मग वजन पडतं.

आता निफाडकडे या. नांदूरमधमेश्वरहून डावा-उजवा कालवा कोपरगाव, राहात्याकडे जातो, जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे, आणि नदी पैठणला. म्हणजे पुढच्या लाखो लोकांचं पाणी आपल्या दारातून जातं. समन्यायी वाटपाचा कायदा 2005 पासून आहे. मेंढेगिरी समितीने जायकवाडीसाठी 65 टक्क्यांची रेषा आखून दिली. तरी दर तुटीच्या वर्षी आपण नव्याने भांडतो.

द्राक्षवाल्याची भीती मला कळते. ऐन हंगामात आवर्तन हुकलं तर बाग जाते, कर्ज राहतं. सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं, खाली गेल्यावर उसाला किती जातं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. विचारलंच पाहिजे. पण हिशेब मागणं वेगळं आणि पिण्याचं पाणी अडवणं वेगळं.

हिशेबाने पाणी वाटता येतं, हे शिकायला बोलिव्हियाला जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यातलं ओझर बघा. वाघाडच्या कालव्याच्या टेलला पाणी पोचत नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास शेतकऱ्यांना जमवून तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची. टेलला पाणी आलं. पुढे वाघाडच्या सगळ्या सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातात आलं. ते बघायला बाहेरून लोक येतात. आपण किती जण गेलो?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. येत्या ग्रामसभेत निफाडच्या एका तरी गावाने ठराव करावा: गोदावरीवर वरपासून खालपर्यंत पिण्याचं पाणी पहिलं, आणि प्रत्येक आवर्तनाचा मोजलेला आकडा हेडला आणि टेलला फलकावर लागलाच पाहिजे. मराठवाड्याने असा ठराव केला तर ती मागणी. निफाडने केला तर शब्दाला किंमत येईल. उद्या आपल्या टेलच्या गावावर वेळ आली तर खालचे लोक आपल्यासाठी बोलतील.

20 मार्च 2027 ला चवदार तळ्याला शंभर वर्षं होतील. त्या दिवशी हार घालायला सगळेच जातील. त्याआधी कोणतं गाव हा ठराव करतंय, सांगा. बातमी मी करतो, पहिल्या पानासाठी भांडतो.

पटत नसेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त आकडे घेऊन या, शिव्या नकोत.