न बघवणारे, पण बघावेत असे

मागच्या महिन्यात आमच्या भाचीच्या मुलाचे कान टोचले. बाराव्या दिवशी राहून गेलं होतं, म्हणून सहाव्या महिन्यात सोनाराला घरीच बोलावलं. पाटावर मामा, मामाच्या मांडीवर बाळ, शेजारी हळदकुंकवाचं तबक आणि समोर अर्धवर्तुळात आम्ही नऊ-दहा जण, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. ‘‘जरा उजेड येऊ द्या हो,’’ असं सोनाराला दोनदा सांगावं लागलं. तार टोचली, बाळानं भोकाड पसरलं आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘आलं, आलं! मस्त आलं!’’ म्हणजे व्हिडिओ मस्त आला. संध्याकाळपर्यंत ते रडणं नाशिक, ठाणे, न्यू जर्सी असं सगळीकडे पोचलं आणि सगळीकडून हसरे चेहरे परत आले.

मीही चित्रीकरण केलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या पुन्हा पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की ते पोर सोनाराकडे बघतच नाहीये. ते एकेका ओळखीच्या माणसाकडे बघतंय आणि जिथं तोंड असायला हवं तिथं प्रत्येकाच्या पुढं एक काळी पट्टी आहे. शेवटी ते माझ्याकडं बघतं. मी काही फोन खाली घेतलेला नाही. उलट दोन पावलं पुढं सरकलोय.

मला ‘पीपिंग टॉम’ आठवला.

पस्तीसेक वर्षं झाली असतील. पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत, घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसून तो पाहिला होता. दिग्दर्शक मायकल पॉवेल, साल १९६०. मार्क लुइस हा त्याचा नायक म्हणजे लाजाळू, हळू आवाजात बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा तरुण. लंडनच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्याचा फोकस सांभाळायची नोकरी करतो आणि फावल्या वेळात बायकांचे खून करतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या तिपाईच्या एका पायात पातं लपवलेलं आहे. ते पातं गळ्याकडं येताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते ती त्याला चित्रित करायची असते. त्या कॅमेऱ्याला आणखीही एक वस्तू जोडलेली आहे, पण ती ज्यानं त्यानं शेवटाकडं स्वतःच पाहावी.

पहिला खून आपण कॅमेऱ्याच्या भिंगातूनच बघतो. तो संपतो न संपतो तोच श्रेयनामावली सुरू होते आणि तिच्यामागं तोच खून पुन्हा, या वेळी मार्कच्या घरातल्या पडद्यावर. म्हणजे काही मिनिटांच्या आत पॉवेल आपल्याला एकच खून दोनदा दाखवतो. एकदा खुन्याच्या डोळ्यांनी आणि एकदा खुन्याच्या शेजारी बसवून. आमच्या त्या हॉलमध्ये प्रोजेक्टर मागं घरघरत होता आणि सिनेमातल्या खोलीत मार्कचा प्रोजेक्टर घरघरत होता. कुठली घरघर कुठली, हे कळेना. मागच्या रांगेतली तीन-चार मंडळी उठून गेली. मीही उठलो असतो. पण शेजारी ज्येष्ठ सभासद होते, म्हणून राहिलो. काही चांगल्या गोष्टी अशा भिडेखातरच पाहून होतात.

खरा काटा येतो तो खुनांनी नाहीच. खालच्या मजल्यावरच्या हेलनला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी मार्क त्याच्या लहानपणीची फिल्म दाखवतो. त्याचा बाप शास्त्रज्ञ. भीतीचा मज्जासंस्थेवर काय परिणाम होतो हा त्याचा अभ्यासाचा विषय आणि प्रयोगाला घरातच मुलगा उपलब्ध. झोपलेल्या पोराच्या अंथरुणावर सरडा सोडायचा आणि चित्रीकरण करायचं. आई वारली, पोराला तिच्या पार्थिवाजवळ उभं करायचं आणि चित्रीकरण करायचं. हेलन कळवळून म्हणते, बंद कर हे. आणि मार्कला त्या क्षणी काय सुचतं, तर तिचा कळवळलेला चेहरा टिपायला कॅमेरा उचलावा! बापानं दुसरं काही शिकवलेलंच नाही. या फिल्ममधल्या बापाची भूमिका पॉवेलनं स्वतः केली आणि लहान मार्कची त्याच्या खऱ्या मुलानं. दिग्दर्शकानं स्वतःला यातून सोडवून घेतलेलं नाही, हे मला त्या वयात कळलं नव्हतं.

लंडनच्या समीक्षकांनी मात्र त्याला सोडलं नाही. एकानं तर सल्ला दिला, की हा सिनेमा फावड्यानं उचलून जवळच्या गटारात सोडून द्यावा. ‘द रेड शूज’सारखा देखणा सिनेमा एमेरिक प्रेसबर्गरच्या जोडीनं काढणारा हा माणूस. हिमालयातल्या जोगिणींवरचा ‘ब्लॅक नार्सिसस’ त्यांनी इंग्लंडबाहेर पाऊल न टाकता, रंगवलेल्या पडद्यांसमोर उभा केला होता. अशा दिग्दर्शकाचा सिनेमा थिएटरांतून भराभर उतरवला गेला आणि मायदेशातली त्याची कारकीर्द जवळजवळ संपली. पुढं १९७९ साली मार्टिन स्कोर्सेसीच्या खटपटीनं न्यूयॉर्कच्या महोत्सवात तो पुन्हा लागला, तेव्हा कुठं लोकांनी शांतपणे पाहिला. एका रविवारच्या वर्तमानपत्रात डिलिस पॉवेल नावाच्या समीक्षिका लिहीत (नावापुरतंच साम्य, नातं नाही). त्यांनीही १९६० साली सिनेमाला झोडपलं होतं. १९९४ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी छापून माफी मागितली. दिग्दर्शक १९९० सालीच वारला होता.

गंमत अशी, की त्याच वर्षी हिचकॉकचा ‘सायको’ आला. तोही लाजाळू, गोड बोलणारा खुनी आणि तोही आईबापांनी बिघडवलेला. त्यावरही टीका झाली. पण लोकांनी रांगा लावल्या आणि हिचकॉक आणखी मोठा झाला. यात हिचकॉकचा धंदेवाईक शहाणपणा होताच. समीक्षकांना त्यानं आधी खेळ दाखवलाच नाही आणि सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही असा दंडक घातला. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. ‘सायको’त शेवटी एक डॉक्टर येऊन सगळा उलगडा करतो आणि आपण सुटतो; वेडा तो होता. ‘पीपिंग टॉम’मध्ये मात्र काळोखात बसून दुसऱ्याचं मरण बघणाऱ्याला तुम्ही कोण, असं विचारलेलं आहे. समीक्षकांचा तर तोच व्यवसाय. त्यांना राग येणारच!

आमच्या घरी या विषयावर कायमचे दोन पक्ष आहेत. सौ.चं म्हणणं असं, की जगात दुःख काय कमी आहे म्हणून तिकीट काढून आणखी बघायचं? तीस वर्षं तिनं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत. तिच्या बोलण्याला वजन आहे. माझं उत्तर पुष्कळदा लटकं पडतं. भीतीनं मन मोकळं होतं वगैरे पुस्तकी समर्थन मलाच पटत नाही. पुष्कळसे भयपट नुसते ओंगळ असतात, आणि ‘वादग्रस्त’ हा शब्द पोस्टरवर छापायला बरा म्हणून मुद्दाम वाद ओढवून घेणारेही असतात. त्यांची भलावण मला करायचीच नाही.

उदाहरणार्थ, ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा १९८० चा इटालियन सिनेमा. त्यातले खून इतके खरे वाटले, की दिग्दर्शक देओदातोवर खटला झाला आणि नट जिवंत असल्याचं त्याला कोर्टात सिद्ध करावं लागलं. हा किस्सा चघळला जातो. पण त्यात प्राणी खरोखरच मारलेत. एक भलंमोठं कासव कॅमेऱ्यासमोर कापलंय. आणि सिनेमाचा आव काय, तर चित्रासाठी माणसं मारणाऱ्या कॅमेरावाल्यांचा निषेध! अभ्यासक त्यातही अर्थ काढतात, काढोत बापडे. पडद्यावरच्या मरणासाठी खरं मरण लागत असेल, तर मी सौ.च्या पक्षात आहे.

पण ‘फ्रीक्स’साठी मी कुणाशीही भांडेन. हा १९३२ चा. टॉड ब्राउनिंग हा दिग्दर्शक पोरवयात घरातून पळून सर्कशीत गेलेला. आदल्याच वर्षी त्याचा ‘ड्रॅक्युला’ गाजला होता. आता याहून भयंकर काहीतरी काढ, असं एमजीएमनं सांगितलं, तेव्हा त्यानं सर्कशीतल्या खेळांमधली खरी माणसं गोळा केली. ठेंगू, जुळ्या चिकटलेल्या बहिणी, कमरेखाली शरीरच नसलेला तरुण, हातपाय नसताना तोंडानं काडी ओढून सिगरेट पेटवणारा गृहस्थ. गोष्ट साधी आहे. झुल्यावरची देखणी क्लिओपात्रा पैशासाठी ठेंगू हान्सशी लग्न करते आणि पैलवानाशी संगनमत करून त्याला विष घालू लागते.

तर झालं असं, की चित्रीकरण चालू असताना या मंडळींना स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये बघून इतरांच्या घशाखाली घास उतरेना. तक्रारी झाल्या आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं जेवण बाहेर तंबूत वेगळं मांडलं गेलं. आणि सिनेमाचा कणा काय? लग्नाची मेजवानी! एकाच मोठ्या प्याल्यातून सगळे पितात, तू आता आमच्यातली झालीस असं गात तो प्याला नवरीपुढं करतात, आणि ती किळसून, किंचाळून तो त्यांच्याच अंगावर भिरकावते. वेगळी पंगत, वरून घातलेलं पाणी, भिंतीकडेला ठेवलेली वेगळी कपबशी हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी केलं किंवा सोसलं, त्या आपल्याला हा प्रसंग कुणी समजावून सांगायची गरज नाही. प्रेक्षकांना तेव्हा तो सोसला नाही. दीड तासाचा सिनेमा कापून तासाभरावर आणला, तरी चालला नाही. ब्रिटनमध्ये तीस वर्षं बंदी होती. १९६३ मध्ये उठली. शेवटी मात्र ब्राउनिंगचाही तोल जातो. पावसाचिखलातून सुरे घेऊन सरपटणारी तीच माणसं तो आपल्याला भुतासारखी दाखवतो. तासभर त्यांना माणूस म्हणून दाखवल्यावर हा मोह आवरायला हवा होता. तरीही पाहावाच.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘द टेक्सस चेनसॉ मॅसकर’ (१९७४) या नावालाच लोक घाबरतात. ब्रिटिश सेन्सॉरनं तो १९९९ पर्यंत अडवला होता. प्रत्यक्षात त्यात रक्त अगदी कमी आहे. पाहून आल्यावर जे आठवतं ते पुष्कळसं आपणच कल्पनेनं भरलेलं असतं. मला स्वतःला त्यातलं किंचाळणं फार होतं आणि दुसऱ्यांदा बघायची हौस नाही. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) मात्र कितीदाही बघेन. उठलेल्या प्रेतांनी वेढलेल्या घरात एक कृष्णवर्णीय तरुण रात्रभर डोकं शाबूत ठेवून झुंजतो. सकाळी सुटका करायला बंदूकवाले गोरे येतात आणि त्यालाच प्रेत समजून गोळी घालतात. मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. यानंतर प्रेतांची भीती वाटत नाही, सकाळची वाटते.

आणि ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३). सौ.नं हा एक डोळा मिटून पाहिला. पलंग हलतो, मुलगी घोगऱ्या आवाजात शिव्या देते तिथं ती ढिम्म होती. पण सैतान-बितान सिद्ध होण्याआधी त्या बारा वर्षांच्या पोरीला इस्पितळात नेतात, मानेत सुई घालतात, रक्त उडतं, यंत्रं धडधडतात आणि डॉक्टरांचे चेहरे कोरे असतात. तिथं ती म्हणाली, ‘‘हे मात्र खरं आहे.’’ काचेपलीकडं असहाय बसणारे आईबाप तिनं तीस वर्षं पाहिले होते. या सिनेमाचं भूत मला कधीच फारसं पटलं नाही. ती आई पटते.

आपल्याकडं भूत बहुतेक वेळा बाहेरून येतं. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’पर्यंत पडक्या वाड्यात राहायचं आणि त्रिशुळाला भ्यायचं, अशी त्याची रीत होती. आम्ही ते हसत-किंचाळत पाहिलं आणि सुखानं झोपलो. नारायण धारपांच्या वाचकांना मात्र घरातलं, माणसाच्या आतलं भय ठाऊक होतं. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) त्याच वाटेनं गेला. त्यात हस्तर आहे, साखळदंडातली आजी आहे. पण अंगावर येतो तो बाप, जो पोराला हावेचा धंदा हाताला धरून शिकवतो. मार्कच्या बापाचा हा कोकणातला भाऊबंद.

यातलं काहीही मुलांना दाखवू नये. अठरा पूर्ण झालेल्यांनी बघावं, शक्यतो दिवसा आणि घरच्या कुणाबरोबर, म्हणजे नंतर चहा घेता घेता बोलता येतं. आमच्या मुलीनं ‘पीपिंग टॉम’ माझ्याबरोबर पाहिला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, म्हणजे हेलनच्याच वयाची. सिनेमा संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बाबा, मी शाळेच्या नाटकात स्टेजवर रडले होते, ती कॅसेट तुम्ही अजून पाहुण्यांना दाखवता.’’ मी म्हटलं, अगं, ते कौतुकानं. ती म्हणाली, ‘‘त्याचा बापही तेच म्हणाला असता.’’

ती कॅसेट तेव्हापासून माळ्यावर आहे. कान टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीचा निरोप आला, ‘‘मामा, तुमचा व्हिडिओ सगळ्यात जवळून आलाय म्हणे, मला पाठवा ना.’’ दुपारपर्यंत मी उत्तर दिलं नाही. मग तिचा फोनच आला.

पाठवला.