आरोग्यचर्चा : खुपऱ्यांचें अबोल भावंड

गेल्या महिन्यांत भडगांवच्या एका वाचकांचें पत्र आम्हांस आलें. पत्रलेखक एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थ असून त्यांचे मुलगे व सुना सुशिक्षित आहेत. धाकट्या सूनबाईंच्या लग्नास सहा वर्षें झालीं, पण घरांत पाळणा हालला नाहीं. नवससायास झाले, मग जळगांवास जाऊन तपासणी केली. तपासणीच्या कागदावर दोन अपरिचित नांवांपुढें ‘आढळला’ असें लिहून आलें : एक क्लॅमिडिया, दुसरें मायकोप्लाझ्मा होमिनिस. “हा रोग आमच्यासारख्या घरांत आला कोठून, आणि घरच्या मंडळींस आम्हीं काय सांगावें?” असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांचें नांव आम्ही देत नाहीं. गांवाचा उल्लेख त्यांच्याच अनुमतीनें केला आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं वडीलधाऱ्या वाचकांस एका जुन्या दुखण्याची आठवण करून देतों. खुपऱ्या हा शब्द त्यांस नवा नाहीं. धूळ, माशा, सगळ्यांस मिळून एक पंचा, आणि एकाच बोटानें चार पोरांच्या डोळ्यांत घातलेलें काजळ, यांच्या द्वारें हें दुखणें या डोळ्यांतून त्या डोळ्यांत जात असे. पापणीच्या आंत दाणे येत, त्या जागीं वण पडून पापणी आंत वळे, केंस बुबुळावर घांसत, आणि शेवटीं दृष्टि जाई. १९०७ सालीं जावा बेटांत हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक या संशोधकांनीं खुपऱ्यांच्या खरवडींत, पेशींच्या आंत पुंजके करून बसलेले सूक्ष्म कण पाहिले. ते जणूं एखादें प्रावरण पांघरून बसले आहेत असें वाटून त्यांनीं त्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नांव योजिलें. आजचें क्लॅमिडिया हें नांव त्याच शब्दापासून आलें. पुढें अर्धें शतक हा जंतु प्रयोगशाळेंत वाढविणें कोणास साधेना. चीनमधील तांग फेइ-फान यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तो कोंबडीच्या अंड्यांत वाढविला, आणि खुपऱ्यांचें कारण तोच हें सिद्ध करण्याकरितां स्वतःच्याच डोळ्यांत घालून घेतला! सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्यानें खुपऱ्या भारतांतून हटल्या, असें जागतिक आरोग्य संघटनेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें जाहीर केलें.

आतां मुद्द्याची गोष्ट ही कीं, भडगांवच्या कागदावरील क्लॅमिडिया हा तोच जंतु होय. जात एक, शाखा निराळी. एक शाखा डोळ्यांत राहते. दुसरी स्त्रीच्या गर्भाशयमुखाशीं व पुरुषाच्या मूत्रमार्गांत राहते, आणि ती पतिपत्नींच्या शरीरसंबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाते. बाळंतपणांत आईकडून तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत व फुप्फुसांतही ती जाऊं शकते. आजीच्या खुपऱ्यांविषयीं बोलतांना घरांत कोणी आवाज उतरविला नाहीं. सुनेविषयींचें पत्र मात्र ‘खासगी’ असा शेरा मारून येतें. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून या विषयांवर उघड लिहिलें, तेव्हां त्यांस कोर्टाची पायरी चढावी लागली होती. आमच्यावर तो प्रसंग येणार नाहीं, इतका काळ खास पालटला आहे. माजघरांत किती पालटला, तें आम्हांस सांगवत नाहीं.

हा जंतु मोठा चमत्कारिक आहे. दुसऱ्याच्या जिवंत पेशींत शिरल्यावांचून त्याला वाढतां येत नाहीं. त्याचीं रूपें दोन. पेशीबाहेर तो बियासारखा असतो. घट्ट, निश्चेष्ट, प्रवासापुरता. पेशींत शिरला कीं फुगून मोठा होतो, तिच्याच अन्नावर एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो, आणि दोन-तीन दिवसांनीं पुन्हा बीजरूप घेऊन पेशी फोडून बाहेर पडतो. इतकें सारें घडत असतां बहुसंख्य स्त्रियांस कांहींएक जाणवत नाहीं. पुष्कळ पुरुषांसही नाहीं. तो महिनोन्‌महिने, क्वचित्‌ वर्षाहूनही अधिक काळ, असा गुपचूप राहूं शकतो. मात्र तो वर चढून गर्भनलिकांपर्यंत पोंचला, तर तेथें वण पडतात. नलिका बुजली कीं गर्भ राहत नाहीं. अर्धवट बुजली तर गर्भ नलिकेंतच अडकून जिवावर बेतूं शकतें.

मायकोप्लाझ्माचें कुळ अगदीं वेगळें. जंतूंच्या अंगाभोंवतीं जी भिंत असते ती याला नाहींच. पेनिसिलिन ही भिंत बांधण्याच्या कामांतच विघ्न आणतें. जेथें भिंतच नाहीं, तेथें तें काय करणार? या कुळांतील एक जण फुप्फुसांस धरतो व खोकल्यानें आठवडेच्या आठवडे बेजार करतो. दुसरा, जेनिटॅलियम, १९८० च्या सुमारास इंग्लंडांत मूत्रमार्गाचा दाह झालेल्या दोघां पुरुषांत प्रथम सांपडला. तो उपद्रवी खरा, आणि अलीकडे नेहमींच्या औषधांस दाद देईनासा होत चालला आहे. पण भडगांवच्या कागदावर त्याचें नांव नाहीं. तेथें आहे तो होमिनिस, आणि तो निरोगी स्त्रियांतही वारंवार आढळतो. तक्रार नसतां केवळ नांव आढळलें म्हणून त्यावर सहसा औषध देत नाहींत. हल्लीं एकाच नमुन्यांत आठ-दहा जंतु शोधून देणाऱ्या तपासण्या निघाल्या आहेत. त्यांच्या लांबलचक यादीनें घाबरून गेलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत.

निदानाची अडचण यावरून ध्यानांत येईल. नेहमींच्या पद्धतीनें काचपट्टी रंगवून पाहिली तर क्लॅमिडिया पेशींत दडलेला, आणि मायकोप्लाझ्माला रंग धरणारी भिंतच नाहीं. साध्या पोषकद्रव्यावर क्लॅमिडिया उगवतच नाहीं. जेनिटॅलियम उगवण्यास आठवडे, कधीं महिने लागतात. रक्तांतील प्रतिद्रव्यें पाहावीं, तर तीं जुन्या संसर्गाचींही राहून जातात. म्हणून आज जंतूच्या जनुकद्रव्याचा लहानसा तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी हीच खात्रीची मानितात. स्त्रियांत योनिमार्गांतील स्राव कापसाच्या काडीवर घेतात, व तो स्त्रीला स्वतःलाही घेतां येतो. पुरुषांत लघवीची पहिली धार पुरते. हें तंत्र सर्वत्र नाहीं, त्यामुळें सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरून निरनिराळ्या रंगांचे औषधसंच देण्याची पद्धति आहे. ती उपयोगी आहे, पण जिला लक्षणेंच नाहींत ती दवाखान्याची पायरी चढणार कशाला?

आतां भडगांवकरांचा पहिला प्रश्न. संसर्ग कोठून आला, कोणाकडून आला, केव्हां आला, यांपैकीं एकही गोष्ट तो कागद सांगत नाहीं. ज्याच्या तपासणींत जंतु आधीं दिसला, त्यानेंच तो आणला असें मुळींच नव्हे. स्त्रीची तपासणी आधीं होते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय कागदावर जंतु आला म्हणजे अपत्य न होण्याचें कारण सांपडलें, असेंही नाहीं. नलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें गर्भाशयांत विशिष्ट द्रव सोडून क्ष-किरणांनीं पाहावें लागतें, आणि त्या बुजण्यास आपल्या देशांत क्षयही वारंवार कारण होतो. पतीच्या वीर्याची तपासणी तर सर्वांत सोपी, आणि नेमकी तीच मागें राहते.

क्लॅमिडियावर औषध आहे व तें बहुधा गुण देतें. नलिकेंत पडलेला जुना वण मात्र त्यानें जात नाहीं. डॉक्टर देतील तें औषध पतिपत्नी दोघांनींही पुरें घ्यावें, व त्या काळांत संबंध वर्ज्य करावा. एकट्या सुनेस औषध देऊन तें दुखणें पुन्हा तिच्याकडेच परत येतें. बरें झाल्याची खात्री करून घेण्याची घाई करूं नये, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष कांहीं आठवडे चाचणींत दिसत राहतात. सुमारें तीन महिन्यांनीं पुन्हा तपासावें. घरच्या मंडळींस, दोघांस जंतुसंसर्गाचें औषध चालू आहे, इतकें सांगितलें तरी पुरे. अधिक कांहीं सांगावयाचें तर तें त्या दोघांनीं ठरवावें; वडिलांनीं नव्हे, आणि आम्हींही नव्हे.

पत्रलेखकांनीं सूनबाईंच्या पांच तपासण्यांची यादी तारखांसह पाठविली आहे. चिरंजीवांची एकही तपासणी तींत दिसली नाहीं. ती झाली आहे काय, एवढें त्यांनीं आम्हांस उलट टपालीं कळवावें.