आरोग्यविचार : पित्तनलिकेतील जाळी

एका वाचकभगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या श्वशुरांस स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे कावीळ झाली व पित्तनलिकेत साधी धातूची जाळी बसविण्यात आली. पुढे कोणीसे त्यांस म्हणाले, “औषध लावलेली जाळी मिळते, ती का नाही घातली?” तेव्हापासून आपण हयगय केली, या विचाराने त्या बेचैन आहेत.

यकृतातील पित्त ज्या नळीने आतड्यात उतरते ती अर्बुदाने आवळली गेली, म्हणजे पित्त तुंबून रक्तात मिसळते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मळ पांढुरका पडतो, आणि अंगास अशी कंड सुटते की रोग्यास झोप म्हणून लागत नाही. (वयस्क माणसास पोट न दुखता अशी कावीळ झाली असता ती ‘उतरवून घेण्यात’ आठवडे घालविणे आम्हांस फार घातक वाटते, शस्त्रक्रियेची संधी कित्येकदा त्यातच हातची जाते.) शस्त्रक्रिया अशक्य असेल तेथे तोंडावाटे दुर्बीण घालून नळीत मार्ग ठेवतात. हांबुर्गच्या सोहेन्द्र यांनी १९८० च्या सुमारास ही रीत प्रचारात आणली. त्यांची प्लॅस्टिकची नळी जेमतेम ३ मिलिमीटर रुंद. ती सुमारे ३ महिन्यांत गाळाने बुजे. पुढे आलेली धातूची जाळी १० मिलिमीटरपर्यंत उमलते व अधिक टिकते. परंतु तिच्या छिद्रांतून अर्बुद आत शिरते. वर पडदा चढवावा, तर ती कधी कधी जागेवरून सरकते.

मग त्या पडद्यातच कर्करोगावरील औषध का भरू नये? या कामी निवडलेले पॅक्लिटॅक्सेल हे औषध अमेरिकेतील यू वृक्षाच्या सालीतून निघाले. १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध करणाऱ्या वॉल आणि वाणी या जोडीतील मनसुख वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे येथे सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. हृदयाच्या धमनीत औषधी जाळ्यांनी उत्तम यश मिळविले होते, त्यामुळे आशाही मोठी होती.

ती आशा पित्तनलिकेत मात्र फळली नाही. कोरियातील वैद्यांनी औषधी व साधी पडदेदार जाळी यांची रोग्यांवर तुलना केली. २०११ व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जाळी मोकळी राहण्याचा काळ किंवा रोग्याचे आयुष्य यांत लक्षणीय फरक आढळला नाही. यात आम्हांस नवल वाटत नाही. धमनीत रोखावयाची असते ती भिंतीचीच पातळ वाढ. येथे समोर अख्खे अर्बुद, आणि शिवाय गाळ. गाळावर या औषधाचा काय इलाज चालणार?

तेव्हा त्या भगिनींनी स्वतःस मुळीच दोष देऊ नये. साध्या जाळीने कावीळ उतरते, कंड शमते, बहुधा अन्नही गोड लागू लागते, आणि रक्तातील पित्त पुरेसे खाली आले म्हणजे शिरेतून द्यावयाचे कर्करोगाचे औषध सुरू करता येते. जाळीचे खरे काम एवढेच, पण ते लहान नव्हे. डॉक्टरांस विचारावयाचे ते हे की, जाळी बुजल्यास ती पुन्हा मोकळी करण्याची सोय कोठे आहे. जाळी बसविल्यावर थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता रोग्यास रुग्णालयात न्यावे. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले असता काही तासांतच तो अत्यवस्थ होऊ शकतो.