तेवीसचा आकडा

"तुम्ही तर एवढे शिडशिडीत, तुम्हाला कशाला होतोय मधुमेह!" आपल्याकडे हे वाक्य कौतुकानं बोललं जातं. माझ्या मते ते घातक आहे. ते ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि तपासणी पुढच्या वर्षावर ढकलतो.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के भरली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवत होता, शरीरं मात्र वेगळी होती. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त, आणि तीही पोटाच्या आत साठणारी. तिथल्या चरबीमुळे इन्सुलिनचा जोर कमी पडतो. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण वजन इतकं कमी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी बऱ्यापैकी टिकून होती. म्हणजे ही ठेवण अमेरिकेतल्या खाण्यापिण्यानं आलेली नाही, ती आपण सोबत घेऊन आलो. इथलं बैठं काम तिच्यात भर घालतं, एवढंच.

त्याचा परिणाम इथंही मोजला गेला आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांवर 'मसाला' नावाचा दीर्घकाळचा अभ्यास चालू आहे. वयाचा फरक जमेस धरल्यावर त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण 23 टक्के निघालं, गोऱ्या लोकांत 6 टक्के.

म्हणूनच 2015 साली अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची मर्यादा बीएमआय 25 वरून 23 वर आणली. हा फरक किती, ते पाहा. उंची पाच फूट सात इंच असेल तर 25 चा बीएमआय साधारण 72 किलोला येतो, 23 चा साडेसहासष्ट किलोला. या दोन आकड्यांच्या मधले कितीतरी लोक आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसलेले असतात. त्यांना कुणी लठ्ठ म्हणणार नाही, आणि डॉक्टरांसमोरचा तक्ताही कित्येकदा त्यांना 'नॉर्मल'च ठरवतो. ही नवी मर्यादा प्रत्येक डॉक्टरच्या डोक्यात असेलच असं धरून चालू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की ती आपण स्वतः मागायची. "माझे आईवडील दोघंही मधुमेही होते, मी दक्षिण आशियाई आहे, माझी एवनसी करा," असं सांगायला संकोच कसला? (एवनसी म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी.) पस्तिशीनंतर तर वजन कितीही असो, तपासणी करायचीच असते. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बायकांनी बाळंतपणानंतरही दर एक ते तीन वर्षांनी ती जन्मभर करत राहायची. ही गोष्ट घरात सगळ्यात आधी विसरली जाते.

तहान, वारंवार लघवीला जावं लागणं, आपोआप उतरणारं वजन, अंधूक दिसणं या खुणा सगळ्यांना पाठ असतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात त्या दिसेपर्यंत कित्येकदा काही वर्षं निघून गेलेली असतात. निदान रक्तावरूनच होतं: उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 200 किंवा जास्त, नाहीतर एवनसी 6.5 किंवा जास्त. लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीनं खात्री करून घेतात. एवनसीवरच सगळी भिस्त ठेवू नये. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर तो आकडा फसवा वाढलेला दिसू शकतो, आणि आपल्या बायकांत हा ॲनिमिया काही दुर्मीळ नाही. शिवाय काहींची उपाशीपोटीची साखर व्यवस्थित असते आणि जेवणानंतरचीच चढते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो: एवनसी 5.7 ते 6.4 मधल्या माणसाला 'प्रीडायबिटीस'चा शिक्का मारून घाबरवायचं कशाला? त्यातल्या सगळ्यांना पुढं मधुमेह होत नाही, हे खरं आहे. पण भारतातच झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2006 साली आले. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर वाढलेली, पण अजून मधुमेह नसलेली माणसं तिच्यात घेतली होती. तीन वर्षांत, विशेष काही न सांगितलेल्या गटातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार यांवर सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटात तो 39 टक्क्यांवर थांबला, तेही वजन फारसं न उतरता. शिक्क्यानं माणूस चार दिवस बेचैन होईल, ते चालेल.

उपचारांबद्दल फक्त एक मुद्दा मांडतो, कारण तो आपल्याला लागू आहे. मेटफॉर्मिन हे जुनं, स्वस्त आणि भरवशाचं औषध आहे. ते वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असण्याची शक्यता असते. मग पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आणि ते साखरेमुळेच असं धरून लोक गप्प बसतात. बी-12 मोजलं तर तो भाग दुरुस्त होण्यासारखा असतो. म्हणून मेटफॉर्मिनवर असलेल्यांनी ही तपासणी अधूनमधून मागून घ्यावी. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन मात्र दरवर्षी, काही त्रास नसला तरी.

आता मंडळाच्या कार्यकारिणीकडे मागणी. गणपतीच्या हॉलमध्ये बोटाला सुई टोचून साखर पाहणारं टेबल मांडू नका. प्रसादाचा मोदक खाऊन आलेल्या माणसाच्या त्या आकड्यावरून निदान होत नाही, आणि तो बरा आला तर खोटा दिलासा मिळतो. त्याऐवजी नोंदणीच्या टेबलावर वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि कमरेची टेप ठेवा. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर, बायकांची 80, हे आकडे वर लिहा. ज्याचा बीएमआय 23 च्या वर जाईल किंवा कंबर या मापापुढे जाईल, त्याच्या हातात आपल्या डॉक्टरला दाखवायची एक चिठ्ठी द्या: ही व्यक्ती दक्षिण आशियाई वंशाची आहे, उपाशीपोटी साखर आणि एवनसी तपासावी. चिठ्ठी इंग्रजीत असावी. तिचा मसुदा करायला आपल्या सभासदांतले डॉक्टर आणि नर्स नक्की पुढं येतील. छपाईचा खर्च फार नाही, आणि गणपतीला अजून वेळ आहे.