सात दिवसांत चार देश!

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत एक नवा प्रघात पडूं लागला आहे. मुलें अमेरिकेंत स्थिरावलीं, म्हणजे तीं आईबापांना कॅरिबियन समुद्रांतील जहाजसफरीस नेतात. आणि परत आल्यावर "सात दिवसांत चार देश पाहिले" अशा थाटाचें प्रवासवर्णन लिहिल्यावांचून आईबापांना चैन पडत नाहीं. सफरीबद्दल आमची तक्रार नाहीं. जन्मभर कचेरी आणि संसार यांत पिचलेल्या माणसांनीं आठ दिवस आयतें जेवावें आणि समुद्र पाहावा, यांत वाईट तें काय? आमचा आक्षेप "पाहिले" या क्रियापदाला आहे.

जहाज सकाळीं धक्क्याला लागतें आणि बहुधा दिवेलागणीच्या आंत सुटतें. जेवणाचे पैसे आधींच भरलेले, तेव्हां गांवांतल्या खाणावळीकडे फिरकण्याचें कारण उरत नाहीं. धक्क्याबाहेर पडतांच जकातमाफ दागिन्यांचीं नि घड्याळांचीं दुकानें. बेट बदललें तरी पाट्या त्याच. २०२४ सालीं सेवेंत रुजू झालेलें 'आयकॉन ऑफ द सीज' सात हजारांहून अधिक उतारू घेऊं शकतें. एवढे पाहुणे एकदम उतरल्यावर कोणी कोणाला पाहावें?

हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादीची गोष्ट घ्या. १९८६ च्या सुमारास तेथील भूमीचा एक तुकडा जहाजाच्या उतारूंसाठीं भाड्यानें घेण्यांत आला, आणि त्याला कुंपण पडलें. १२ जानेवारी २०१० रोजीं भूकंपानें हैतीची राजधानी उद्ध्वस्त झाली; त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं लाबादीला उतारू पोहण्यास उतरले. जहाजांतून मदतीचें सामानहि उतरलें, हें न सांगणें अन्यायाचें होईल. पण कुंपणापलीकडे, फार लांब नव्हे, डोंगरावर आंरी क्रिस्तोफनें बांधलेला प्रचंड किल्ला उभा आहे. बंड करून १८०४ सालीं स्वतंत्र झालेल्या गुलामांचा हा देश! आणि त्या स्वातंत्र्याची 'भरपाई' म्हणून फ्रान्सनें १८२५ सालीं त्याच्याकडे पंधरा कोटि फ्रँक मागितले. तें कर्ज फेडतां फेडतां त्या देशाच्या पिढ्या खपल्या. शिवरायांचे गड चढून आलेल्या आमच्या वाचकाला याचें अप्रूप वाटूं नये? लाबादीवरून आलेला लेख मात्र वाळू फार मऊ होती, इतकेंच सांगे.

"या जहाजांमुळेंच तेथील गरिबांच्या पोटाला मिळतें," असें कोणी म्हणेल. खरें आहे. २०२० सालीं साथीमुळें जहाजें थांबलीं, तेव्हां बंदरांवरील टॅक्सीवाल्यांचे आणि फेरीवाल्यांचे हाल झाले. पण ज्याची चूल आपल्या येण्यावर पेटते, त्याचें नांव विचारण्याचीहि सवड आपणांस नसावी?

अँटिग्वाच्या लेखिका जमेका किंकेड यांनीं 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) या पुस्तकांत प्रवाशाला थेट "तूं" म्हणून उभें केलें आहे. १९७४ च्या भूकंपांत मोडलेलें गांवचें ग्रंथालय वर्षानुवर्षें दुरुस्त होत नव्हतें, ही त्यांची जळजळ. आमचीं गांवोगांवचीं वाचनालयें आठवलीं, कीं ती जळजळ परकी वाटत नाहीं. पाहुण्याला तें ग्रंथालय कोण दाखवणार?

आणि बेटापर्यंत तरी कशाला जावें? ह्या जहाजांवर खोल्या आवरणारीं, ताटें वाढणारीं कितीतरी मुलें गोव्याचीं आणि कोंकणांतलीं असतात. महिनोन् महिने त्यांना घर दिसत नाहीं. हातीं आलेल्या लेखांत आम्हांला लाटा, सूर्यास्त आणि पक्वान्नांची यादी मिळाली. वाढणाऱ्याचें गांव कोठेंच मिळालें नाहीं. असे लेख येतच राहतील. ज्यांत बंदरावरील एखाद्या माणसाशीं झालेलें दहा मिनिटांचें बोलणें असेल, तो आम्ही आधीं वाचूं.